चार हजार फुटांचा हिशेब: २२० स्विफ्टच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, फोर्ट कॉलिन्स

कायोटीसाठी (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान रानटी प्राणी) नवी रायफल बांधायची आणि ती २२० स्विफ्ट या काडतुसासाठीच, हे आज पक्कं केलं. एकदा लिहून टाकलं की पुन्हा पुन्हा तेच पर्याय चिवडत बसायला नको.

आधी गरज. उत्तरेला वायोमिंगमध्ये, चगवॉटर आणि व्हीटलँडच्या मधल्या उघड्या माळावर एका कुटुंबाच्या मेंढ्या आहेत. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण अजून स्वतः ट्रक हाकत कुंपणं बघत फिरतात. कोकरं एप्रिल-मेमध्ये होतात. कायोटींची पिल्लंही त्याच सुमाराला बिळात असतात, म्हणजे खाणारी तोंडं वाढलेली. त्यामुळे बाईंचं म्हणणं, जे काही करायचं ते हिवाळ्यातच उरक. वायोमिंगच्या कायद्यात कायोटी ‘भक्षक प्राणी’ या वर्गात येतो. परवाना लागत नाही, हंगामाचं बंधन नाही. इकडे कोलोरॅडोत मात्र परवाना घ्यावा लागतो. जमीनमालकाची परवानगी दोन्हीकडे हवीच.

आत्तापर्यंत २२३ रेमिंग्टन या काडतुसावर भागवलं. ५५ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास. वाईट काही नाही. पण त्या माळावर कायोटी कधी ८० यार्डांवर येतो, कधी २८० वर थांबतो, आणि थांबतो म्हणजे तीन-चार सेकंद. तेवढ्यात अंतरमापक काढा, आकडा वाचा, दुर्बिणीवरचं नेम वर-खाली करायचं चाक फिरवा, हे होत नाही. मला अशी रायफल हवी, की ३०० यार्डांपर्यंत अंतराचा विचारच करायला नको. छातीवर काटा धरला, चाप ओढला, बस्स.

आणि दुसरी अट, जी पहिलीपेक्षा मोठी: गोळी जमिनीवर आपटून उसळता कामा नये. कुंपणापलीकडे कच्चा रस्ता आहे, शेजाऱ्याची गुरं आहेत. पातळ कवचाची हलकी गोळी प्रचंड वेगात मातीला लागली तर बहुतेक वेळा तिथेच तिचे तुकडे होतात. जड, संथ गोळी दगडाला लागून कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून मला वेग हवा. लांबवर मारण्याची हौस म्हणून नव्हे.

१७ सप्टेंबर

ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांचा एकच प्रश्न: २२-२५० का नाही?

रास्त प्रश्न आहे. २२-२५० म्हणजे २५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाची मान २२ कॅलिबरपर्यंत आवळून हौशी लोकांनी केलेलं काडतूस. कित्येक वर्षं ते घरगुतीच राहिलं, मग १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला कारखान्यात आणलं. पुंगळ्या कुठेही मिळतात, कारखान्यातली काडतुसं कोपऱ्यावरच्या दुकानातही असतात. स्विफ्टपेक्षा वेगात थोडंसंच मागे. डोकं वापरणारा माणूस तेच घेईल.

२०४ रुगर (२००४ साली हॉर्नडी आणि रुगर यांनी मिळून काढलं) ३२ ग्रेनच्या गोळीला ४,२२५ फूट वेग देतं आणि नळीही फार जाळत नाही. पण वायोमिंगच्या वाऱ्यात ३२ ग्रेन म्हणजे फारच हलकं काम. १७ रेमिंग्टनला तोच आक्षेप, आणखी मोठा. २२ क्रीडमोर सध्या जोरात आहे. जड, लांब गोळी, घट्ट पिळाची नळी. त्याच्यावर पुढे लिहीन, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे.

स्विफ्ट विंचेस्टरने १९३५ मध्ये बाजारात आणलं. ४८ ग्रेनची गोळी, जाहिरातीतला वेग ४,११० फूट. चार हजारांच्या पुढचं कारखान्यातलं ते पहिलं काडतूस. ग्रोव्हनर वॉटकिन्स या माणसाने आधीचा नमुना २५० सॅव्हेजवरूनच केला होता. कंपनीने मात्र आपल्या काडतुसासाठी ६ मिमी ली नेव्ही या आरमारी काडतुसाची पुंगळी धरली. त्यामुळे तिच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड आहे. ही कड पुढे मला त्रास देणार हे आत्ताच दिसतंय. तरी स्विफ्टच. नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसांनी हातगणितावर जे साधलं ते मला माझ्या हाताने बांधून बघायचंय. याला काही तर्क नाही, आणि मी देणारही नाही.

२८ सप्टेंबर

जुनी रेमिंग्टन ७०० रायफल मिळाली, आखूड ॲक्शनची (ॲक्शन म्हणजे नळीमागचा यंत्रभाग: रिसीव्हर आणि त्यात मागे-पुढे सरकणारा बोल्ट), मूळची २४३ विंचेस्टर काडतुसाची. नळी गंजलेली, दस्ता तडकलेला. मला दोन्ही नकोच होतं. महत्त्वाचं हे, की स्विफ्टच्या बुडाची कड २४३ च्या बुडाएवढीच आहे, ०.४७३ इंच, म्हणजे बोल्टचं तोंड बदलायला नको. काडतुसाची लांबीही आखूड ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये बसते.

अमेरिकेतल्या कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ म्हणजे रिसीव्हर, ज्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो तो भाग. नळी, दस्ता, चाप टपालाने घरी येऊ शकतात. रिसीव्हर परवानाधारक दुकानातूनच हातात येतो. ४४७३ नंबरचा फॉर्म भरला. त्यात नागरिकत्वाचा रकाना आहे. व्हिसावर असताना मी या भानगडीत पडलो नाही, नियम किचकट आहेत आणि चूक महागात पडते. मग पार्श्वभूमीची तपासणी, आणि कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून वर तीन दिवस थांबणं. थांबलो.

६ ऑक्टोबर

नळीचा पीळ. यावर सगळा रविवार गेला.

नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि नाकाच्या दिशेने स्थिर राहते. किती इंचांत एक फेरा, हा पिळाचा आकडा. जुन्या स्विफ्ट १४ इंचांना एक फेरा अशा असत. ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांना ते पुरतं. हल्ली सगळे ८ इंचांचा पीळ घेतात, कारण लांब, जड गोळ्या त्याशिवाय स्थिर होत नाहीत.

हिशेब सोपा आहे: वेग गुणिले ७२०, भागिले पीळ. म्हणजे मिनिटाला किती फेरे ते. ३,८५० फूट वेगाला १४ च्या पिळात १,९८,००० फेरे. १२ च्या पिळात २,३१,०००. आणि ८ च्या पिळात ३,४६,५००. पातळ कवचाची गोळी साडेतीन लाख फेऱ्यांना टिकेलच असं नाही. नळीतून निघाल्यावर हवेतच तिचा धुरळा होतो, लक्ष्यावर काहीच पोचत नाही. ज्यांनी हे पाहिलंय ते सांगतात की लक्ष्याच्या वाटेत राखाडी रेघ दिसते आणि कागद कोरा राहतो.

म्हणजे वेग आणि पीळ हे दोन्ही मनासारखं घेता येत नाही. हलक्या गोळीला सैल पीळ, जड गोळीला घट्ट. मी १२ घेतला. ५० ग्रेन हे मुख्य काम, ६० पर्यंत जायची सोय. शिवाय आमच्याकडची हवा विरळ. फोर्ट कॉलिन्स ५,००० फुटांवर, तो माळ त्याच्याही थोडा वर. विरळ हवेत गोळी स्थिर राहायला सोपं जातं.

२६ इंचांची, ४१६ आर स्टेनलेस, मध्यम जाड. २८ इंच घेतली असती तर आणखी पन्नास-साठ फूट वेग मिळाला असता, पण ट्रकच्या दारातून आत-बाहेर करताना ती सगळीकडे आपटते.

१९ ऑक्टोबर

नळी आली. नुसती आतून बघितली तरी जीव सुखावतो.

२ नोव्हेंबर, लव्हलँड

आज गनस्मिथकडे. म्हातारा आधी यंत्रशाळेत होता. बोलतो कमी, आणि मधे बोललेलं त्याला चालत नाही. मी हाताखालचा पोऱ्या म्हणून उभा राहिलो.

आधी त्याने रिसीव्हर लेथवर धरून त्याचं तोंड आणि आटे मध्यरेषेला काटकोनात आहेत की नाहीत ते पाहिलं. नव्हते. कारखान्यातले सहसा नसतातच. केसाच्या जाडीएवढं छाटलं. बोल्टचे दोन कान रिसीव्हरमध्ये दोन्हीकडे सारखे टेकतात का, हे बघायला त्यांना निळी शाई लावली, बोल्ट बंद करून उघडला: एका कानावरची शाई पुसली गेली, दुसऱ्यावर जशीच्या तशी. म्हणजे प्रत्येक बाराचा सगळा दाब एकाच कानावर. बारीक लेप लावून घासत घासत दोन्ही बसवले.

मग नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती खोली कापणं. रीमर नावाचं काडतुसाच्या आकाराचं कातणं असतं. ते थोडं आत घालायचं, बाहेर काढायचं, चुरा पुसायचा, तेल घालायचं, पुन्हा आत. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक वेळी ‘गो’ गेज (खोलीची लांबी तपासायचा मापाचा ठोकळा) घालून बोल्ट बंद होतो का बघायचं. तो सहज बंद झाला पाहिजे. मग ‘नो-गो’ गेज. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. म्हाताऱ्याने नो-गो घातलं, एका बोटाने बोल्टची मूठ दाबली. अर्ध्यावर थांबली. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. एवढीच काय ती शाबासकी.

जाताना म्हणाला, “ही नळी दीड-दोन हजार गोळ्यांत संपेल. तापू दिलीस तर त्याच्या आधी. मग रडत येऊ नकोस.”

त्याचं बरोबर आहे. भोक लहान, त्यामागे दारू भरपूर. सगळा जळता वायू त्या एवढ्याशा भोकातून जातो आणि खोलीच्या पुढचा पहिला दोन-तीन इंचांचा भाग, म्हणजे घसा, जाळतो. या रस्त्याने किती पुढे जाता येतं हे युटामधल्या पी. ओ. ॲक्ली यांनी दाखवून ठेवलंय. हत्तीच्या शिकारीला वापरतात ती ३७८ वेदरबी मॅग्नमची पुंगळी घेऊन तिची मान थेट २२ कॅलिबरपर्यंत आवळली. कान फाडणारा दणका या अर्थाचं थट्टेचं नाव ठेवलं, ‘इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’. उद्दिष्ट ५,००० फूट. ५० ग्रेनच्या गोळीला मिळाले ४,६००. एवढी दारू ओतून स्विफ्टच्या पुढे जेमतेम सातशे फूट.

२९ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. गॅरेजमध्ये दस्ता बसवायचं काम. बायकोने आधीच बजावलंय, “तो वास घरात आला तर तू आणि तुझी रायफल दोघं बाहेर झोपा.” दार उघडं ठेवून, हीटर लावून बसलो.

रिसीव्हर दस्त्यात नुसता स्क्रूने आवळला तर प्रत्येक बाराला किंचित हलतो, आणि ते किंचित १०० यार्डांवर इंचभर होतं. म्हणून दोघांच्या मधल्या फटीत इपॉक्सी भरून रिसीव्हरचा हुबेहूब साचा दस्त्यातच करून घ्यायचा. कामाचा नव्वद टक्के भाग इपॉक्सी कुठे जाऊ नये याची तजवीज हा असतो. स्क्रूची भोकं, चापाची खाच, सगळ्यात मुलांची खेळायची माती दाबली. रिकॉइल लगच्या (बाराचा धक्का दस्त्यावर टेकवणारा रिसीव्हरखालचा कान) पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या अंगांना चिकटपट्टी, मागचं अंग मोकळं, कारण फक्त तेच टेकायला हवं. मग रिसीव्हरच्या प्रत्येक कानाकोपऱ्यात रंग नसलेलं बूट पॉलिश, दोन हात, वाळू देऊन पुसलेलं. एक जरी जागा सुटली तरी पोलाद आणि दस्ता जन्माचे चिकटतात.

इपॉक्सी कालवून दस्त्यात घातली, रिसीव्हर हलक्या हाताने दाबला. कडेने सारखी रेघ फुटून बाहेर आली, ती कापसाच्या बोळ्याने टिपली. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

३० नोव्हेंबर

सुटला! रबरी हातोडीचे दोन ठोके, आणि ‘टक’ करून वर आला. आत साचा काचेसारखा, कुठे बुडबुडा नाही. नळीखालून कागदाची पट्टी टोकापासून रिसीव्हरपर्यंत अडथळा न येता सरकते.

नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक लावायचा नाही असं ठरवलंय. स्विफ्टचा धक्का मुळात कमी. दुर्बिणीतून गोळी लागलेली दिसते, हीच या हलक्या कॅलिबरची मजा. ब्रेकने तो आणखी थोडा कमी होईल, पण आवाज सगळा माझ्या कानांवर येईल.

८ डिसेंबर, पॉनी नॅशनल ग्रासलँड

पहिले बार. ऊन पडलेलं, तापमान १२ अंश सेल्सियस, वारा नावापुरता. इथे डिसेंबरात असा दिवस मिळतो.

काडतुसं मी घरीच भरतो. दारूचं वजन इथे लिहिणार नाही. माझ्या नळीला जे चालतं ते दुसऱ्याच्या नळीत धोकादायक ठरू शकतं, आणि त्यासाठी हॉजडन आणि हॉर्नडी यांची छापील पुस्तकं आहेत. प्रत्येकाने तिथून, खालच्या टोकापासून सुरुवात करावी. दोन दारू तपासतोय: एच ३८० आणि व्हार्गेट. गोळ्या ४० आणि ५० ग्रेनच्या व्ही-मॅक्स.

क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) दिलेले सरासरी वेग: ५० ग्रेनला एच ३८० वर ३,८७०, व्हार्गेटवर ३,८३०. दोन्ही पुस्तकातल्या कमाल मर्यादेच्या खाली, बोल्ट सहज उघडतो, प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) कडा गोल आहेत, म्हणजे दाब जास्त नाही. मग ४० ग्रेन: ४,१८०.

चार हजार ओलांडले. सेकंदाला जवळपास १,२७५ मीटर. खोटं कशाला बोलू, आकडा बघून शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसालाही दाखवला.

दोन-तीन बार, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबणं. दिवसभरात फारसे बार झाले नाहीत, थर्मास मात्र संपला.

१० डिसेंबर

आकड्याची धुंदी उतरल्यावर हिशेबाला बसलो. बॅलिस्टिक गणकात आमची उंची घातली, शून्य, म्हणजे गोळी नेमकी काट्यावर लागते ते अंतर, २५० यार्डांवर धरला.

५० ग्रेन, ३,८३० फूट: मधल्या वाटेत गोळी जास्तीत जास्त पावणेदोन-दोन इंच वर जाते, ३०० वर साधारण अडीच इंच खाली. कायोटीच्या छातीचा नेमका भाग पाचएक इंचांचा. म्हणजे ० ते ३०० पर्यंत छातीच्या मध्यावर काटा धरायचा आणि विसरायचं. जे हवं होतं तेच.

४० ग्रेन, ४,१८० फूट: ३०० वर सव्वादोन इंच खाली. साडेतीनशे फूट जास्तीच्या वेगाने मिळवलं काय, तर पाव इंच. आणि घालवलं काय? ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५० ग्रेनची गोळी ३०० वर साडेसात इंच सरकते, ४० ची आठ इंचांहून जास्त. पोचताना ताकद ८५० फूट-पाउंडांच्या जागी ७०० च्या थोडी वर. हलकी गोळी वेगात निघते खरी, पण हवा तिला तितक्याच वेगाने खाते. तोंडापाशी साडेतीनशे फुटांची आघाडी, ३०० यार्डांवर साठ-सत्तर फुटांची.

तेव्हा चार हजार हा आकडा बाकावर बसून दाखवायला चांगला. माळावर ५० ग्रेन.

आता २२ क्रीडमोरवाल्यांची बाजू, न्याय म्हणून. ७५ ग्रेनची लांब गोळी ३,३०० फुटांनी निघाली तर त्याच वाऱ्यात ३०० वर साडेचार इंचच सरकते. साडेसात आणि साडेचार. हा फरक खरा आहे, आणि माझ्या रायफलीकडे त्याला उत्तर नाही. पण ती गोळी लक्ष्यभेदाची, जाड, मातीला लागून फुटेलच याची खात्री नाही. माझी दुसरी अट तिथे मोडते. चारशे-पाचशे यार्डांवर मारणाऱ्यांनी क्रीडमोर घ्यावी, मला त्या अंतरावर मारायचंच नाही.

२२ डिसेंबर

बुडाची कड. अपेक्षेप्रमाणे.

मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक भरली आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर बोल्ट पुढे ढकलताना वरचं काडतूस खालच्याला ओढतं आणि दोन्ही अडकतात. टेबलावर रिकाम्या नळीने, डमी काडतुसं घालून बघितलं: बेफिकिरीने भरलं की अडकतं, प्रत्येक काडतूस भरताना किंचित मागून पुढे सरकवत त्याची कड खालच्या कडेच्या पुढे बसवली की लोण्यासारखं चालतं. अंगठ्याला सवय लागेपर्यंत टीव्ही बघता बघता हाच चाळा.

शिवाय मॅगझिनच्या मागच्या बाजूला पातळ पट्टी लावून काडतुसांची मागे-पुढे हालचाल कमी केली. आता हातमोजे घालूनही अडकत नाही.

४ जानेवारी २०२५

मुद्दाम थंडीत गेलो. उणे १३ अंश. काडतुसं रात्रभर ट्रकमध्येच ठेवली होती.

एच ३८० चा वेग ३,८७० वरून ३,७९० वर आला. व्हार्गेट ३,८३० वरून ३,८१०. एच ३८० ही गोल दाण्यांची जुनी दारू, तापमान तिला जाणवतं. व्हार्गेट मुळात तापमानाला दाद न देण्यासाठीच बनवलेली. माझं सगळं काम जानेवारी-फेब्रुवारीतलं, त्यामुळे चर्चाच संपली: व्हार्गेट. तीच १०० यार्डांवर पाच गोळ्या सहा दशांश इंचात ठेवते. शिकारीच्या रायफलीला यापेक्षा जास्त मागणं म्हणजे हावरटपणा.

१२ जानेवारी

सांगोल्याहून मामांचा फोन. त्यांची स्वतःची मेंढरं आहेत, त्यामुळे या विषयात त्यांना रस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्याकडं लांडग्याला नुसता दगड भिरकावला तरी वनखात्याची भीती, आणि तू तिथं यंत्र लावून बसलायस होय!” मी म्हटलं, मामा, लांडगा तिकडे १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, कारण तो उरलाय किती. हा कायोटी मारूनही कमी होत नाही, उलट पसरतोय. ते ऐकून म्हणाले, “ते असू दे. पैसं किती घातलंस?” मी विषय बदलला.

२ फेब्रुवारी, माळ

वाऱ्याने पिटाळलं. पहाटे निघालो तेव्हा ठीक होतं, चगवॉटरपर्यंत जाईतो आंतरराज्य मार्ग २५ वर रिकामे ट्रेलर डुलत होते. माळावर वारामापकाने २२ मैल दाखवले, झोत त्याच्याही वर. हिशेब आठवला: १० ला साडेसात इंच, म्हणजे २२ ला सोळा. अंदाज तीन-चार मैलांनी चुकला तर गोळी छाती सोडून पोटात. मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात कॉफी घेतली, त्यांच्या कुंपणाचे दोन खांब सरळ करून दिले, परत.

नियम ठरवून टाकला: १० मैलांपर्यंत ३०० यार्ड. १५ पर्यंत १५० यार्ड. त्यापुढे बॅगच उघडायची नाही.

१६ फेब्रुवारी, माळ

उणे ९, वारा ५ ते ७ मैल, वायव्येकडून. असा दिवस वायोमिंगमध्ये वाया घालवायचा नसतो.

ट्रक चढाच्या अलीकडे ठेवून दबकत ओढ्याच्या काठावर बसलो. कायोटी नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडून, वळसा घालून वास घ्यायला बघतो. म्हणून कायोटीला बोलावणारं आवाजाचं यंत्र माझ्यापासून ६० यार्डांवर, वारा येतो त्या बाजूला ठेवलं आणि खालच्या बाजूचा सगळा उघडा पट्टा समोर घेतला. मागे टेकाडाची मातीची भिंत. आधी एकच लांब हेल, कारण हे दिवस जोड्यांचे. मग काही नाही. मग सशाची किंकाळी.

तो आला तो यंत्राकडे न बघता, थेट खालच्या बाजूला, पावलं टाकत, नाक वर. मी तोंडाने हलकं ‘वूफ’ केलं. थांबला, आडवा. किती अंतर? बघितलं नाही. छातीच्या मध्यावर, वाऱ्यासाठी अंगावरच किंचित डावीकडे, आणि चाप. जागेवर बसला. दुर्बिणीतून सगळं दिसलं. नंतर अंतरमापकाने मोजलं तर २३१ यार्ड.

नर, वजनकाट्यावर ३१ पाउंड. गोळी आत गेल्याची खूण पेन्सिलीच्या टोकाएवढी, बाहेर पडल्याची खूण नाहीच. म्हणजे ती पूर्ण आतच फुटली. कातडीला दुसरं भोक नाही हा एक फायदा. मागच्या मातीत काही गेलं नाही हा त्याहून मोठा.

दुसरा दिसला तो कुंपणाच्या रेषेवर, मागे नुसतं आभाळ. सोडला.

२३ फेब्रुवारी

नळीची साफसफाई, आणि बोअरस्कोपने (नळीत घालून बघायची दुर्बीण) आतली पाहणी. तांबं फारच कमी बसतंय, हाताने घासून गुळगुळीत केलेल्या चांगल्या नळीचा हा गुण. घशात मात्र पहिल्या अर्ध्या इंचावर जाळी दिसायला लागली आहे, अगदी बारीक. अजून वर्षभर तरी काळजी नाही. फोटो काढून तारीख घालून ठेवला. पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी.

पुंगळ्यांची लांबी मोजली. स्विफ्टचा खांदा उतरता, त्यामुळे पितळ पुढे वाहतं आणि मान लांबते. दोन-तीन वेळा भरलेल्या काही पुंगळ्या २.२०५ इंचांच्या मर्यादेला टेकल्यात. त्या बाजूला काढल्या. कातायचं अवजार मागवलंय, ते येईपर्यंत ताज्या पितळावर भागेल. मालकीणबाईंनी निरोप दिलाय, पुढच्या आठवड्यात पूर्वेकडच्या कुरणात बघ, तिथे माग दिसलेत.